मोबाईलवरचा आरोग्य-कोच: मधुमेह आणि बीपी असलेल्यांनी सुरुवात कशी करावी

आईसाठी आम्ही पैसे भरून मोबाईलवरचा आरोग्य-कोच लावला, तेव्हा त्यांच्याकडून आलेला पहिला आहार-तक्ता ओट्स आणि ब्राऊन ब्रेडने सुरू होत होता. कराडच्या आमच्या घरात ओट्स कधी आलेले नव्हते. आई पहाटे पाचला उठते, चहा घेते, साडेनऊला भाकरी खाते. तक्ता तिने एकदा वाचला, मग ॲप उघडणंच सोडलं. तीन आठवड्यांनी मी पुण्याहून गेले, तिच्याजवळ बसले, तिचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस जसा असतो तसा लिहून काढला आणि दुसऱ्या सेवेतल्या कोचला पाठवला. खरा उपयोग तिथून सुरू झाला.

आईला बारा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, बीपीची गोळीही चालू आहे. अशी घरं आपल्याकडे किती आहेत हे वेगळं सांगायला नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि साधारण दर तीन प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय आणि ‘कोच घ्यावा का, घेतला तर करायचं काय’ असा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

‘डिजिटल कोचिंग’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही ॲप आपोआप संदेश पाठवतात: पाणी प्या, चाला, गोळी घ्या. काहींमध्ये पलीकडे खरा माणूस असतो, बहुतेक वेळा आहारतज्ज्ञ, जो तुमच्या नोंदी बघून फोन किंवा चॅट करतो. आणि हल्ली काही डॉक्टर आपल्याच दवाखान्यातून अशी सेवा देतात. ही तिसरी मिळत असेल तर तिचा पहिला विचार करा. औषध ठरवणारा आणि रोजच्या नोंदी बघणारा एकाच छताखाली असला की बरेच घोळ टळतात.

साध्या संदेशांनी फरक पडतो का? पडू शकतो. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सगळ्यांनाच आहार-व्यायामाची माहिती दिली होती. अर्ध्यांना त्यानंतर मोबाईलवर नियमित एसएमएस जात राहिले. दोन वर्षांत एसएमएसवाल्या गटातल्या १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. तेही साधे एसएमएस, स्मार्टफोन लागला नाही. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की ते संदेश त्या माणसाला सोयीच्या वेळी, त्याची तयारी कितपत आहे ते बघून पाठवलेले होते.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की असू द्या. कोच डॉक्टर नाही. मार्च २०२० मध्ये आलेल्या भारताच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला परस्पर रुग्णाला समुपदेशन करायला किंवा औषध द्यायला परवानगी नाही. ‘गोळी अर्धी करा’ असं कोच म्हणाला तर ती सेवा त्याच दिवशी सोडा.

पायरी १: पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडे जा

कोचला द्यायला ताजे रिपोर्ट लागतील: तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. डोळ्यांच्या पडद्याची आणि पायांची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही करून घ्या, ती कुठल्याच ॲपमधून होत नाही.

मग डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच कागदावर लिहून घ्या.

१. माझं लक्ष्य काय? बहुतेक प्रौढांसाठी एचबीएवनसी ७ टक्क्यांच्या खाली, उपाशीपोटीची साखर ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० च्या आत असं धरतात. पण वय जास्त असेल, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टर मुद्दाम सैल लक्ष्य ठेवतात. ॲपमध्ये आधीपासून भरलेला आकडा तुमचा नसतो. तो बदलून घ्यायचा.

२. माझ्या औषधांपैकी कशाने साखर अचानक उतरू शकते? इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांनी उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा नाही. हे माहीत नसताना कोचच्या सांगण्यावरून जेवण कमी करणं किंवा संध्याकाळी एकदम तासभर चालायला लागणं धोक्याचं आहे.

३. कुठल्या आकड्याला तुम्हाला फोन करू?

पायरी २: मोजायला शिका

चुकीच्या आकड्यांवर मिळालेला सल्लाही चुकीचाच असणार. म्हणून या पायरीवर पूर्ण आठवडा घालवा.

ग्लुकोमीटर वापरण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरच्या रसाची साखर रक्तात मिसळते आणि आकडा भलताच वर जातो. सॅनिटायझर लावला असेल तर पूर्ण वाळू द्या. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे दमटपणाला तोटा नाही. मुदत बघा. घरच्या मीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरलेला आहे. म्हणजे काल १४२ होती आणि आज १५१ आली, तर साखर वाढली असं म्हणायला आधार नाही. आई सुरुवातीला अशा नऊ-दहा आकड्यांसाठी रात्रीचं जेवण टाळायची.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नकोत. पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका. पट्टा उघड्या दंडावर, साडीच्या ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर बीपी आहे त्याहून जास्त दिसतं, म्हणून मशीन घेताना दंडाचा घेर मोजून न्या. घरी मोजलेलं बीपी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहत असेल तर ते वाढलेलं समजतात. मनगटावरची मशीन शक्यतो घेऊ नका.

दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर मिळतो, त्यातला एक प्रकार चौदा दिवस चालतो. महाग आहे. पण ज्यांची साखर वारंवार उतरते किंवा ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो. घाम फुटलाय, हात थरथरताहेत आणि सेन्सर मात्र ‘सगळं ठीक’ दाखवतोय, अशा वेळी बोट टोचून बघा.

पायरी ३: सेवा निवडताना

फोनवर सरळ विचारा. माझा कोच कोण असेल, त्याचं शिक्षण काय, दर वेळी तोच माणूस असेल का? मराठीत बोलेल का, आवाजी संदेश चालतील का? आईला टाईप करता येत नाही, पण ती बोलते भरपूर. आवाजी संदेशांची सोय झाल्यावर तिच्या नोंदी दुप्पट झाल्या.

माहिती कुठे जाते तेही विचारा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, त्यात संमती काढून घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे ‘सेवा सोडली तर माझी माहिती पुसाल का’ हा प्रश्न तुमच्या हक्काचा आहे. ॲपने फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट किंवा मेसेज वाचायची परवानगी मागितली तर देऊ नका. साखर सांभाळायला त्यांची गरज नसते.

‘नव्वद दिवसांत मधुमेह मुळासकट बरा, औषधं बंद’ असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. वजन बरंच उतरवल्यावर काही जणांची साखर औषधांशिवाय आटोक्यात राहते हे खरं आहे. पण ते कुणाच्या बाबतीत होईल याची हमी विकत मिळत नाही, आणि जे काही करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सेवेसोबत पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्यांचंही तेच. आमच्या पहिल्या सेवेत दर फोनच्या शेवटी प्रोटीन पावडरचा विषय निघायचा. ती आम्ही सोडली.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. महिन्याचे भरा आणि खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याची सोय बंद ठेवा.

पैसे नसतील तरी वाट बंद नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून घरबसल्या डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. आणि एक वही, एक घरचं माणूस आणि आठवड्याचा एक ठरलेला फोन एवढ्यावरही पुढच्या सगळ्या पायऱ्या करता येतात.

पायरी ४: तुमचा दिवस लिहून द्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच बहुतेक लोक गाळतात. ॲपमध्ये वय, उंची, वजन, शाकाहारी की मांसाहारी एवढं भरलं की झालं असं वाटतं. त्यावरून जो तक्ता येतो तो तुमचं वय-वजन असलेल्या कुणाचाही असू शकतो.

आईचा कागद मी असा लिहिला होता:

‘पहाटे ५ ला उठते. ५.१५ ला चहा, दोन चमचे साखर. असे दिवसात पाच चहा, कारण कुणी आलं की होतो. ९.३० ला ज्वारीच्या दोन भाकऱ्या, ताटाएवढ्या, आणि भाजी. गोळी यानंतर. दुपारी १.३० ला भात-आमटी, सगळ्यांचं झाल्यावर. भांड्यात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून संपवते. दुपारी झोप. संध्याकाळी देवळात, २० मिनिटं चालत. रात्री ९ ला पुन्हा भात. सोमवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या उपवास: साबुदाणा, भगर, बटाटा. गुडघा दुखतो, जिने नको. घरात सहा माणसं, स्वयंपाक एकच होतो, वेगळा करणार नाही.’

हा कागद वाचून नव्या कोचने ओट्सचं नावही काढलं नाही. तिने आधी चहाचं गणित मांडलं: पाच चहा, दहा चमचे, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर रोज, तीही जेवण सोडून. आम्ही बारा वर्षं भाताला दोष देत होतो. मग उरलेलं संपवण्याच्या सवयीबद्दल ती हळूच बोलली. आपल्याकडच्या किती बायका शेवटी बसतात आणि पातेलं रिकामं करून उठतात. कुठलंही ॲप हा प्रश्न आपण होऊन विचारत नाही. तो तुम्हीच सांगायचा.

तुमच्या कागदात गोळ्यांच्या वेळा, शिफ्टची ड्युटी, शेतातली सुगी, उपवास, दारू, तंबाखू, झोप, घरात स्वयंपाक कोण करतं आणि किराणा कोण आणतं हे सगळं असू द्या. मापं घरातली द्या: वाटी, पळी, भाकरी. वाटीचा एकदा फोटो काढून पाठवा, कारण कोचच्या मनातली वाटी आणि तुमची वाटी यांत दुपटीचा फरक असू शकतो.

उपवासाबद्दल वेगळं सांगते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. आईची खिचडीनंतर दोन तासांनी साखर २४६ आली होती, आणि तीच सकाळी ग्लिमेपिराइड घेऊन दुपारपर्यंत काही न खाल्ल्यावर ६६. एकाच उपवासाच्या दिवशी दोन्ही टोकं. उपवास करू नका असं आईला सांगून उपयोग नव्हता, ती श्रद्धेने करते. कोचने विचारलं, डॉक्टरांनी उपवासाच्या दिवशीची गोळी बदलून दिली, आणि खिचडीच्या जागी थोडी भगर, दाण्याची आमटी, ताक आणि काकडी आली. नवरात्राचे नऊ दिवस किंवा वारीला जाणार असाल तर हे बोलणं महिनाभर आधी करा.

पायरी ५: पहिले दोन आठवडे नुसत्या नोंदी

या काळात काहीही बदलू नका. रोज एकाच जेवणाची जोडी मोजा: पहिला घास घेण्याआधी आणि त्यानंतर दोन तासांनी. आज सकाळच्या पोह्यांची, उद्या दुपारच्या भाताची, परवा भाकरी-पिठल्याची. पट्ट्या महाग असतात, दिवसाला दोन पुरतात. दोन आठवड्यांत तुमच्या शरीराला काय जड जातं ते दिसायला लागतं. तो शेजारच्यांचा किंवा इंटरनेटवरचा अनुभव नसतो, तुमचाच असतो.

घरच्यांना इथे एक कळकळीची विनंती. आई-वडिलांचे आकडे तुमच्या फोनवर दिसायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, आणि मुलं अमेरिकेत किंवा दुबईत असली की ती हमखास चालू होते. माझ्या भावाने तसंच केलं. २१० दिसले की पाच मिनिटांत त्याचा फोन यायचा: ‘आई, पुन्हा गोड खाल्लंस ना?’ महिन्याभरात आईचे आकडे छान येऊ लागले. ती साखर चांगली असेल असं वाटेल तेव्हाच मोजत होती. आता आमचं ठरलंय की आकडे फक्त कोच आणि मी बघायचे, आणि आकड्यावरून फोन करायचा तो साखर ७० च्या खाली गेली तरच. बाकी दिवशी ‘जेवलीस का, काय केलं होतंस’ एवढंच विचारायचं. ज्या घरात खरा आकडा सांगितला की ओरडा बसतो, तिथे खरा आकडा कुणी सांगत नाही.

पायरी ६: एका वेळी एकच बदल

कोच पाच गोष्टी सुचवेल. त्यांतली एकच घ्या आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा. ‘रोज चालेन’ यापेक्षा ‘दुपारचं जेवण झालं, ताट उचललं, की अंगणात दहा मिनिटं’ हे टिकतं. जेवणानंतर थोडं चाललं की साखर कमी चढते, आणि ते आकड्यात लगेच दिसतं, त्यामुळे हुरूपही येतो. आईने पहिला बदल चहाचा केला: दोन चमच्यांवरून एक, मग तीन आठवड्यांनी अर्धा. पाहुण्यांबरोबरचा चहा तिने सोडला नाही, कप लहान केला.

जमलं नाही तर ‘जमलं नाही’ असंच कळवा, कारणासकट. ‘लग्नाला गेले होते’, ‘गुडघा सुजला’, ‘मन नव्हतं’. हे वाचून बदल सोपा करणं हे कोचचं काम आहे. कारण कळवूनही दुसऱ्या दिवशी तोच ठरलेला संदेश येत असेल, तर पलीकडे माणूस वाचत नाही असं समजा.

संदेशांच्या वेळा तुम्ही ठरवा. आईला दिवसाला आठ संदेश यायचे, आता दोन येतात: सकाळच्या गोळीला आणि दुपारच्या जेवणानंतर.

कोचला विचारत बसायचं नाही अशा वेळा

हा भाग कागदावर उतरवून फ्रिजवर लावा.

साखर ७० च्या खाली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं: लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. सावरल्यावर काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं: आकडा मोजण्यातही वेळ घालवू नका, १०८.

बीपी १८०/१२० किंवा त्याहून वर, पण त्रास काही नाही: पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाने जास्तीची गोळी घेऊ नका.

साखर सलग ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी किंवा जोराचा श्वास: दवाखाना.

पायाला जखम, फोड, काळा डाग: दुखत नसला तरी दोन दिवसांत दाखवा. मधुमेहात दुखणं कळत नाही, म्हणूनच पाय रोज बघायचे.

पायरी ७: तीन महिन्यांनी

एचबीएवनसी पुन्हा करा. ही तपासणी लाल रक्तपेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे त्याआधी केलेल्या तपासणीत बदल पुरता उमटत नाही. डॉक्टरांकडे जाताना ॲपमधले चाळीस पानी आलेख नेऊ नका, त्यांना वेळ नसतो. एका कागदावर लिहा: उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर साधारण कितीपासून किती, साखर किती वेळा उतरली आणि केव्हा, शेवटच्या आठवड्याचं बीपी, कुठल्या गोळ्या किती वेळा चुकल्या, आणि तुमचा एक प्रश्न. गोळ्या चुकल्याचं लपवू नका. नाहीतर डॉक्टरांना वाटतं की औषध कमी पडतंय, आणि ते डोस वाढवतात.

पुढची वर्गणी भरायची की नाही तेही याच वेळी ठरवा. आईने सहा महिन्यांनी कोच बंद केला. आता ती दर रविवारी सकाळी मला फोन करते आणि वहीतले सात दिवसांचे आकडे वाचून दाखवते. नवीन औषध सुरू झालं किंवा आकडे बिनसले, तर महिनाभरासाठी पुन्हा कोच लावायचा असं आमचं ठरलं आहे. तिच्या दिवसाचा तो कागद मी जपून ठेवलाय. त्यात आता तीन चहा आहेत, बाकी मजकूर बराचसा तोच.